हरल्याची खूण

त्या मुलखात आजवर कोणी हरलेले नव्हते. झुंजीचा सोस तर असा की पोर चार पायांवर नीट उभे राहिले की त्याला तालमीत घालत, आणि म्हाताऱ्यांना झुंजीखेरीज दुसरा विषय नसे. इतके असूनही हरलेला म्हणून दाखवायला एक जीव सापडला नसता. बाहेरच्या कोणाला हे नवल वाटले असते. तिथल्यांना ते आपल्या रक्ताचे वैशिष्ट्य वाटे.

मुलखाच्या मधून एक ओढा वाहत होता. त्याच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ, आणि माळावर टकरेवाल्यांची तालीम. एडके, बोकड, सांबरे असा तो गोतावळा. गाढवांनाही त्यात धरत, पण ती मागच्या पायांनी मारतात म्हणून त्यांना बसायला मागची रांग असे. ओढ्याच्या खालच्या अंगाला मऊ लाल माती, आणि तिथे मिठीवाल्यांची तालीम. अस्वले, अजगर, घोरपडी अशी ती मंडळी. खेकडे स्वतःला मिठीवालेच म्हणवत, पण चिमटा म्हणजे मिठी नव्हे, असा अस्वलांचा आक्षेप होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

टकरेवाले म्हणत, एका घावात जिथे निकाल लागतो तिथे अंगाला अंग घासत बसणे हा पाहुणचार झाला, झुंज नव्हे. मिठीवाले म्हणत, धावत यायचे, ढुशी मारायची आणि मागे पळायचे याला माशा हाकलणे म्हणतात. जो जवळ येऊन थांबतो तोच खरा. दोघांकडेही बिनतोड पुरावा होता. आमच्यातला कोणी कधी हरला आहे का, दाखवा.

सुगी संपली की ओढ्याकाठच्या रिंगणात दंगल भरे. कोण श्रेष्ठ याचा कायमचा निकाल लावायचा म्हणून ती भरे. हलगी कडाडे, दोन्ही तालमी आपापल्या वाटेने येत, आणि पंच म्हणून कासवनाना काटकीने जमिनीवर रेघ ओढायला घेत. इथपर्यंत सगळे बिनबोभाट होई. मग टकरेवाल्यांचा वस्ताद वज्रमाथा पुढे येई. तो म्हातारा, रुंद कपाळाचा, दोन वेढ्यांच्या शिंगांचा एडका होता. तो म्हणे, झुंज सुरू व्हायची तर धाव घेण्याइतके अंतर हवे, आणि खाली खडक हवा. मिठीवाल्यांचा वस्ताद झिपरोबा नावाचे अस्वल होते. तो म्हणे, अंतर कसले, नाकाला नाक लावून सुरुवात, आणि खाली माती. पकड किती वेळ धरायची, पाय जमिनीवरून कितीदा उचलायचा, ढुशीच्या आधी खाकरायचे की नाही, यावर दिवस मावळतीला जाई. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. इथे दोघांची दोन अंगणे होती आणि दोघांनाही दुसऱ्याचेच वाकडे दिसे. शेवटी कासवनाना कंटाळून काटकी टाकून देत. दोन्ही वस्तादांना अजिंक्यपदाचे फेटे बांधले जात, गूळखोबरे वाटले जाई, आणि दोन विजयी मिरवणुका दोन वाटांनी घरी जात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या मुलखात अशा दोन मुठी होत्या आणि लोक दोन्हींच्या पाया पडत.

वज्रमाथ्याच्या तालमीत काबऱ्या नावाचा एक तरणा एडका होता. अंगावर काळेपांढरे ठिपके, मानेत जोर, आणि धावताना खुरांखाली खडकाचे कपचे उडत. वस्तादाचा तो लाडका. पुढल्या पिढीचा फेटा त्याच्याच डोक्यावर बसणार हे ठरल्यासारखे होते, आणि खरे सांगायचे तर काबऱ्यालाही ते आवडत होते. मिठीवाल्यांना नावे ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

थंडीत एक लांडगा माळावर आला. काबऱ्या एकटाच पुढे होता. त्याने मान खाली घालून अशी टक्कर दिली की लांडगा कोलमडला. पण तो मागे सरला नाही. टक्कर बसली की समोरचा मागे सरतो, हे काबऱ्या जन्मापासून पाहत आला होता. लांडग्याला हे कोणी शिकवलेले नव्हते. तो खालून सरपटत आला आणि त्याने काबऱ्याची मागची मांडी धरली. आणि काबऱ्या थांबला. भीतीने नव्हे. पुढे काय करायचे असते तेच त्याला माहीत नव्हते. तो नुसता उभा राहिला, आणि त्याचे मांस फाटत असताना त्याच्या डोक्यात एकच विचार होता, की हे नियमात बसत नाही. तेवढ्यात वरच्या कड्यावरून दगड सुटले, लांडगा दचकून पळाला, म्हणून काबऱ्या वाचला.

तालमीत जल्लोष झाला. काबऱ्याने लांडग्याला पिटाळले, अशी हलगी वाजली. वज्रमाथ्याने मांडीच्या जखमेवर पाला बांधला आणि वरून झूल घातली, जखम दिसू नये म्हणून. काबऱ्या मात्र त्या रात्रीपासून जेवणाला बसला की घास घोळवत बसे. आपण हरलो होतो हे त्याला माहीत होते. ते सांगायला त्याला कोणी सापडत नव्हते.

एकदा धीर करून त्याने विचारले, "वस्ताद, पाय धरला तर काय करायचं?"

वज्रमाथा हसला. "आपला पाय कुणाच्या बापाला सापडतोय रं? टक्कर बसल्यावर शुद्धीवर राहिला पायजे ना धरणारा!"

"लांडगा राहिला की."

"लांडगा अडाणी हाय," वस्ताद म्हणाला. "त्याला तालीम ठाऊक न्हाई."

पण तेव्हापासून काबऱ्याला साध्या गोष्टी दिसू लागल्या. वस्ताद सरावाला धावत येई तेव्हा शिष्याने कपाळ भिडण्याआधीच मागे उडायचे, अशी त्या तालमीची रीत होती. तिला अदब म्हणत. काबऱ्याही इतकी वर्षे उडत आला होता, आणि वस्तादाच्या टकरेत केवढा जोर आहे असे इतरांना सांगत आला होता. ओढ्यापलीकडच्या तालमीतही तेच चाले. झिपरोबाने खांद्यावर पंजा ठेवला की शिष्य आपणहून पाठीवर आडवा होई. त्यालाही अदबच म्हणत. दोन्ही तालमींचे एकमत असलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती दोघांनाही माहीत नव्हती.

एका सकाळी वस्ताद धावत आला आणि काबऱ्या उडाला नाही. तो नुसता पाय रोवून उभा राहिला. कपाळाला कपाळ लागले. आवाज मडके आपटल्यासारखा झाला, आणि वज्रमाथा खाली बसला. बराच वेळ बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि खालचा ओठ लोंबत होता. भोवतालचे बोकड आभाळाकडे पाहू लागले.

"वस्ताद, लागलं का?" काबऱ्याने घाबरून विचारले. त्याचे त्या म्हाताऱ्यावर प्रेम होते.

"लागतंय कशाला! माझं मी बसलोय," वस्ताद कसाबसा म्हणाला. "आन्‌ तू अदब सोडलीस ध्यानात ठेव. ह्या दंगलीला मागच्या रांगेत बसायचं, गाढवांत."

पडलो तरी नाक वर, असे काबऱ्याच्या मनात येऊन गेले. पण त्याला हसू आले नाही. त्याला राग आला, आणि तो राग म्हाताऱ्याचा नव्हता. आपण दणकट आहोत की नुसते दणकट म्हणवले गेलो आहोत, एवढेही आपल्याला आयुष्यभर कळू द्यायचे नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरवले आहे, याचा तो राग होता.

दंगल भरली. हलगी वाजली, कासवनानांनी रेघ ओढली, वस्तादांचा वाद सुरू झाला. झिपरोबाने या वर्षी नवा मुद्दा आणला होता, की एडक्यांनी शिंगांना चिंध्या बांधाव्यात. वज्रमाथा म्हणत होता, मग अस्वलांनी केस कापावेत. लोक गूळखोबऱ्याच्या टोपल्यांकडे पाहत जांभया देत होते. अशा वेळी मागच्या रांगेतून काबऱ्या उठला, गाढवांच्या मधून वाट काढत पुढे आला आणि रेघ ओलांडून रिंगणाच्या मधोमध उभा राहिला.

"मला कुठनंबी चालंल," तो मोठ्याने म्हणाला. "लांबनं, जवळनं, उभ्यानं, आडव्यानं. खडक असू दे न्हाईतर चिखल. चिंध्या बांधा न्हाईतर नका बांधू. कोण येतंय बोला!"

हलगी थांबली.

आणि मग एक चमत्कार झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे एका शब्दावर जमले नव्हते ते दोन वस्ताद एकाच वेळी, एकाच सुरात ओरडले, "कुणी जायचं न्हाई!" दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही ओशाळल्यासारखे झाले, पण शब्द मागे घ्यायला कोणी तयार होईना. झिपरोबा आपल्या मंडळींकडे वळून म्हणाला, की बेताल एडक्याशी झुंजणे आपल्या मातीला शोभत नाही. वज्रमाथा म्हणाला, "झिपरोबा बोलला ते खरं हाय." हे वाक्य टकरेवाल्यांच्या कानांनी पहिल्यांदाच ऐकले.

"भायेर ये, काबऱ्या," वस्ताद म्हणाला. "न्हाईतर गोंडा काढून ठेव."

प्रत्येक टकरेवाल्याच्या गळ्यात तालमीचा लाल गोंडा असे. गोंडा नसलेल्या एडक्याला माळावर चरायला जागा नव्हती, ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी नव्हते, कळपात झोपायला ऊब नव्हती. हे काबऱ्याला माहीत होते. त्याने वस्तादाकडे पाहिले, आणि त्या म्हाताऱ्या डोळ्यांत त्याला धमकी दिसली नाही, विनवणी दिसली. बाबा रे, बाहेर ये, आणि आपले सगळे पहिल्यासारखे राहू दे.

काबऱ्या रिंगणाच्या कडेच्या खुंटापाशी गेला आणि त्याने मान घासायला सुरुवात केली. दोरा चिवट होता. गळा सोलवटला, पण त्याने घासणे थांबवले नाही. शेवटी दोरा तुटला आणि गोंडा धुळीत पडला. तो पुन्हा मधोमध येऊन उभा राहिला.

"आता मी कुणाचाच न्हाई," तो म्हणाला. "आता तरी या."

कोणी आले नाही. ऊन चढले. पुढच्या रांगेतले बोकड खुरांनी माती उकरत होते, अस्वलाची पोरे मुठी वळत होती, पण सगळ्यांच्या नजरा आपापल्या वस्तादावर खिळलेल्या. काबऱ्याच्या मांडीतली जुनी जखम ठणकू लागली. आपण वेडेपणा केला, असेही त्याला क्षणभर वाटून गेले. तरी तो हलला नाही. हाकलून दिले तरच जाईन, आणि हाकलायला का होईना, कोणाला तरी माझ्याजवळ यावेच लागेल, असे त्याने मनाशी म्हटले.

तेवढ्यात मिठीवाल्यांच्या बाजूने एक घोरपड सरपटत पुढे आली. तिचे नाव खवली. तिने एकदा कडा धरला की वीज पडली तरी सुटत नाही, अशी तिची ख्याती होती.

"खवले! माघारी फीर!" झिपरोबा गरजला.

"फिरते की," खवली न थांबता म्हणाली. "पण वस्ताद, माझ्याखाली आजवर जो आला त्यो आपणहून निजला. मी खरंच धरते का न्हाई, ते मला एकदा बघायचंय." मग तिने काबऱ्याकडे मान वळवली. "चल गड्या. कुठनं येतोस?"

"तू हाईस तिथनं."

काबऱ्या धावला. टक्कर तिच्या बरगडीवर बसली आणि खवली हवेत उडून पाठीवर पडली. ती कशीबशी उलटली. तिच्या तोंडातून रक्त आले, आणि चेहऱ्यावर असे आश्चर्य होते, जणू कोणी तिला नवीन रंग दाखवला. आजवर तिला कोणी मारलेच नव्हते. टकरेवाल्यांनी आरोळी ठोकली. काबऱ्या सवयीने मागे सरला आणि ती संपण्याची वाट पाहू लागला. ती संपली नव्हती. दुसऱ्या धावेला ती जमिनीला चिकटून राहिली, टक्कर तिच्या पाठीवरून निसटली, आणि काबऱ्याच्या मागच्या पायाला तिची मिठी पडली.

पुन्हा तोच पाय. पुन्हा तेच न कळणे. पण या वेळी काबऱ्या थांबला नाही. त्याने लाथा झाडल्या, तो लोळला, खुंटावर आदळला, कधी न केलेले सगळे त्याने केले. खवली पायावरून पोटावर, पोटावरून पाठीवर, पाठीवरून गळ्यापर्यंत आली आणि तिथे घट्ट झाली. काबऱ्या गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. श्वास अडला. डोळ्यांपुढे धुळीचा रंग काळा होऊ लागला.

आणि त्याला कळले, की आता सांगायला हवे. पण कसे सांगायचे? हरलो असे सांगायची खूण त्या मुलखात नव्हती. लागली नव्हती म्हणून कोणी केलेली नव्हती. खवलीलाही सोडायचे कधी हे ठाऊक नव्हते; तिच्या हाताखालचे आधीच निजलेले असत. ती भेदरलेल्या नजरेने कासवनानांकडे पाहत होती, आणि नाना आपल्या रेघेकडे पाहत होते. कोणीच काही बोलत नव्हते, आणि एडका मरत होता.

काबऱ्याचा एक पुढचा पाय मोकळा होता. त्याने तो उचलला आणि खूर जमिनीवर आपटला. ठप. पुन्हा आपटला. ठप, ठप. तो आवाज कोणी कोणाला शिकवलेला नव्हता, तरी खवलीला कळला. तिने झटकन मिठी सोडली.

काबऱ्या बराच वेळ खोकत पडून राहिला. मग उठला.

"मी हरलो," तो म्हणाला.

एका म्हाताऱ्या सांबरीने पोराच्या कानांवर खूर ठेवले. "पाय घसरला त्याचा!" वज्रमाथा ओरडला. "जमीन वल्ली हाय!"

"घसरला न्हाई, वस्ताद. हरलो." काबऱ्याला स्वतःच्या आवाजात एक विलक्षण मोकळेपणा ऐकू आला. लांडग्यानंतर पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता येत होता. "आन्‌ कुठं हरलो तेबी मला कळलं. मागचा पाय मी गाढवासारखा पसरून ठेवतो."

मागच्या रांगेतून एका गाढवाने निषेध नोंदवला. कोणीतरी हसले. त्या हसण्याने काहीतरी सैल झाले.

झिपरोबा छाती पुढे काढून आला. "आमची जिकली! अखेर निकाल लागला!"

"तुमची न्हवं," खवली बरगडी दाबत म्हणाली. "मी तुमास्नी इचारून आले न्हवते. आन्‌ ह्याच्या पहिल्या टकरेला मी निम्मी मेले, ते तुमी बघितलं न्हाई काय?"

"पुन्हा?" काबऱ्याने तिला विचारले.

"जरा दम घेऊ दे की!" ती म्हणाली, पण ती रिंगणाबाहेर गेली नाही.

दुसऱ्या खेपेला काबऱ्याने पाय आवरून ठेवले आणि तिला शिंगाखाली घेतले. या वेळी खवलीने शेपटी जमिनीवर आपटली. कासवनाना पुटपुटले, "ही बी खूणच म्हणायची," आणि त्यांनी पायाने आपली रेघ पुसून टाकली. मग एक बोकड उठला. मग अस्वलाचे एक पोर. मग ज्याने निषेध नोंदवला होता ते गाढव मागच्या रांगेतून सरळ पुढे आले आणि त्याने एका मोठ्या अस्वलाला पाठ दाखवली. अस्वल त्या पाठीला भुलले आणि पुढच्याच क्षणी धुळीत बसून पंजा आपटू लागले.

वस्ताद हाका मारून दमले. ही दंगल नव्हे, बाजार आहे, असे ठरवून दोघांनी स्वतःच फेटे चढवले आणि आपापल्या वाटेला लागले. मागे हलगीवाले तेवढे गेले, तेही मान वळवून वळवून पाहत.

उतरत्या उन्हात काबऱ्या आपल्या पुढच्या पाळीची वाट पाहत कडेला बसला होता. मान हलवता येत नव्हती, कळपात झोपायला जागा उरली नव्हती, आणि तरी आज त्याला कोणाची भीती वाटत नव्हती. रिंगणात चहूकडून आवाज येत होते. खुरांचे ठप ठप, पंज्यांचे थप थप, शेपट्यांचे सपासप. कोणी ना कोणी हरत होते, धूळ झटकून उठत होते, आणि पुन्हा भिडत होते.

त्याची नजर सहज माळाच्या वाटेकडे गेली. वळणावर, मोठ्या खडकाच्या आडोशाला वज्रमाथा एकटाच उभा होता. हलगीवाला पुढे निघून गेला होता. आपल्याला कोणी पाहत नाही, याची त्याने इकडेतिकडे मान वळवून खात्री करून घेतली. मग त्याने पुढचा एक खूर जमिनीपासून वर उचलला.

काबऱ्या श्वास रोखून पाहत राहिला. त्याला ओरडावेसे वाटले, आपटा, वस्ताद, आपटा. पण तो ओरडला नाही. रिंगणात त्याचे नाव पुकारले गेले, दुसऱ्यांदा पुकारले गेले. फेटा बांधलेला म्हातारा तीन पायांवर उभा होता, तोल जाऊ नये म्हणून सगळे अंग थरथरत होते, आणि चौथा खूर हवेतच होता.